नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत

व्हिसाच्या कागदांतलं मला कळतं, असा आमच्या सोसायटीत समज होता. तो मीच पसरवला होता. उभी हयात बँकेत गेली, शेवटची वर्षं तपासणी खात्यात. दुसऱ्यांच्या व्हाउचरमधल्या चुका काढायचा मी पगार घेतला. निवृत्त झाल्यावर तीच नजर फॉर्मांवर फिरवायची सवय लागली. आमच्याकडे घरटी एक मूल परदेशात. त्यांचे आईवडील फाइल घेऊन यायचे, मी चष्मा लावून बसायचो, चहा यायचा. ‘एजंटाला कशाला पैसे देताय?’ हे माझं ठरलेलं वाक्य. त्या काळात कुठे कुठे चुकलो ते आता लिहून काढतोय, कारण माझ्या सल्ल्यावर विसंबलेली काही माणसं अजून प्रवास करतायत.

2019 साली लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं जर्मनीला निघालो. फाइल मी अशी लावली होती की बँकेच्या इन्स्पेक्शनला ठेवावी. जावयांनी तिकडच्या कचेरीत जाऊन आमच्या खर्चाची हमी लिहून दिली होती, तिची मूळ प्रत. पेन्शनचे उतारे. घराची कागदपत्रं. किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा, कारण त्याशिवाय शेंगेनचा अर्जच पुढे सरकत नाही. व्हिसा आला. पासपोर्टच्या पानभर हिरवट स्टिकर, आणि त्यावर मी वाचलेली पहिली ओळ: 5 एप्रिलपासून 18 जुलैपर्यंत. आम्ही 5 जुलैचं परतीचं तिकीट काढलं होतं. म्हणजे तेरा दिवस हाताशी. मी पासपोर्ट मिटून कपाटात ठेवला.

त्याच स्टिकरवर जरा खाली आणखी एक रकाना असतो, मुक्काम किती दिवस. आमच्या स्टिकरवर तिथे 90 छापलं होतं. मी तो वाचला नाही असं नाही. वाचला, आणि मनातल्या मनात ‘तीन महिने’ म्हणून पुढे गेलो. बँकेत 5 एप्रिलला तीन महिन्यांची मुदत ठेव ठेवली तर ती 5 जुलैला पिकते. हजारो पावत्या मी अशा फाडल्या असतील. त्यात दिवस मोजायचा प्रश्नच येत नाही, तारखेला तारीख जुळवायची.

लेकीने फोनवर विचारलंही होतं, ‘बाबा, दिवस मोजलेत ना?’ मी म्हटलं, ‘व्याज काढण्यात जन्म गेलाय माझा.’

आता हिशेब बघा. विमान 5 एप्रिलला सकाळी फ्रँकफुर्टला उतरलं, तो पहिला दिवस. एप्रिलचे 26, मेचे 31, जूनचे 30 मिळून 87. नव्वदावा दिवस 3 जुलै. बँकेत ठेव ठेवल्याचा दिवस धरतात, काढल्याचा धरत नाहीत; शेंगेनमध्ये उतरल्याचाही धरतात आणि निघाल्याचाही. 5 जुलैला आमचे 92 दिवस होत होते.

मग ते 18 जुलै कुठून आलं? एका प्रवेशाच्या व्हिसाला मुक्कामाच्या दिवसांवर पंधरा दिवसांची सवलत जोडतात. तुमचं निघणं लांबलं, आजारपण आलं, तिकीट पुढे ढकललं, तर व्हिसा वाया जाऊ नये म्हणून. 90 अधिक 15, एकशे पाच. म्हणजे कधी यायचं याची ढील आहे, किती राहायचं याची नाही. हे मला आता तोंडपाठ आहे. तेव्हा मी त्या पंधरा दिवसांना माझे दिवस समजत होतो.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट विम्याची. पॉलिसी नव्वद दिवसांची घेतली होती आणि तिच्या पहिल्याच पानावर ‘3 जुलैपर्यंत’ असं छापलेलं होतं. मी पाहिलं. विमावाले हात आखडता घेतात, दोन दिवस कमी धरले असतील, असं म्हणून सोडून दिलं. तपासणी खात्यातल्या माणसाला दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या आणि त्याने त्यातली आवडली ती खरी मानली.

जाताना फ्रँकफुर्टच्या विमानतळावर पारपत्र तपासायच्या खिडकीत एक तरुण पोलीस होता. तिकडे सीमेचं काम केंद्राच्या पोलिसांकडे असतं. त्याने स्टिकर पाहिला, मग पानं उलटून आलो तेव्हाचा शिक्का शोधला. छोटा चौकोनी शिक्का, वरच्या कोपऱ्यात ताऱ्यांच्या वर्तुळात डी, दुसऱ्या कोपऱ्यात विमानाचं चित्र, मधे तारीख, आणि आत जाणारा बाण. तोवर मला त्या शिक्क्यात वाचण्यासारखं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. त्याने मला विचारलं, इथे किती दिवस होतात? मी ठसक्यात म्हटलं, तीन महिने. तो काही बोलला नाही. एका चिठोऱ्यावर 92 लिहिलं, खाली 90 लिहिलं, आणि चिठोरा माझ्याकडे फिरवला.

आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. आवाज चढला नाही, की कोणी अपमानास्पद बोललं नाही. एक छापील कागद भरून घेतला, कारण विचारलं. मी लिहिलं, मोजण्यात चूक झाली. शेजारी ही पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने एवढंच विचारलं, ‘विम्याच्या कागदावर तीन तारीख का होती, ते तुम्ही पाहिलं होतं ना?’ मी भिंतीवरचं पोस्टर वाचत बसलो. जर्मनमध्ये होतं.

विमानात सगळ्यात शेवटी चढलो. त्या दिवशी दंडाची पावती हातात पडली नाही, पण नोंद झालीच. लेकीच्या दुसऱ्या खेपेला आम्ही पुन्हा नव्वद दिवस मागितले, तेव्हा आधी खुलाशाचं पत्र द्यावं लागलं आणि मिळाले तीस. बारशाच्या आधीच आम्ही परत.

त्याच पहिल्या फेरीत उतरताना आणखी एक प्रताप झाला होता, तो थोडक्यात सांगतो. बाळंतिणीसाठी हिने घरी कढवलेलं तूप दोन बरण्या भरून घेतलं होतं. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूधदुभतं आणायला बंदी आहे. मी हिला सांगितलं होतं, बंदी दुधाला असते, तुपाला कशाला असेल. हिरव्या मार्गाने ऐटीत निघालो आणि बाकावर बॅग उघडावी लागली. बरण्या तिथेच राहिल्या. डिंकाच्या लाडवांचं काय करायचं यावर दोघा अधिकाऱ्यांत जरा चर्चा झाली. ते परत दिले. सामानाबाबतचं माझं अज्ञान एवढ्यावर थांबलेलं नाही. शेजारचा मुलगा दिवाळीनंतर दुबईला चालला होता, त्याला मी म्हटलं होतं, घरचा फराळ आहे, बिनधास्त ने. अनारशांवर खसखस असते आणि अमिरातीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. त्याच्या आईने चकलीला जागा हवी म्हणून अनारशांचा डबा ऐन वेळी बाहेर काढला. नशीब त्याचं, आणि माझंही.

फ्रँकफुर्टनंतर मी दिवस मोजायला शिकलो, पण शिकलो तेवढंच. एका चुकीतून माणूस शहाणा होतो तो त्या एका चुकीपुरता.

माझ्या वहीत शेंगेनच्या देशांची यादी होती. त्यात क्रोएशियापुढे ‘बाहेर’ असं लिहिलेलं. म्हणजे तिथे काढलेले दिवस नव्वदात धरायचे नाहीत. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनच्या आत आला. त्यानंतरही त्या वहीवरून मी एका जोडप्याला सांगितलं, आठवडाभर तिकडे जाऊन या, तेवढे दिवस वाचतील. त्यांची सहल मुळातच छोटी होती म्हणून काही बिघडलं नाही. बरं, लंडनला चार दिवस जाऊन आलं की नव्वद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, असंही मी बरीच वर्षं सांगत होतो. होत नाहीत. अनेक प्रवेशांचा व्हिसा असला तरी ज्या दिवशी मोजाल त्या दिवसापासून मागचे 180 दिवस बघायचे आणि त्यात नव्वदच्या आत राहायचं. ही खिडकी रोज एकेक दिवस पुढे सरकते. बँकेच्या सहामाहीसारखी 30 सप्टेंबरला बंद होत नाही.

अमेरिकेच्या बाबतीत मी जे केलं त्याला चूक म्हणू की आळस, मला ठरवता येत नाही. हिचा भाऊ न्यू जर्सीत असतो, तिकडचा नागरिक. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. डीएस-160 हा लांबलचक फॉर्म मी दोघांचा एका बैठकीत भरला. त्यात पानामागून पान हो-नाहीचे प्रश्न येतात. तुम्ही कधी दहशतवादी कारवाया केल्या आहेत का, हेरगिरी करायला येताय का, मुलांना सैन्यात भरती केलंय का. ‘नाही, नाही, नाही’ करता करता बोटाला वळण लागतं. तरी ज्या दोन प्रश्नांनी घात केला ते या भागातले नव्हतेच. ते आधी साध्या माहितीत येऊन गेले होते.

पहिला: तुमचं आणखी कुठलं नाव होतं का? लग्नात आमच्याकडे बायकांचं आडनाव बदलतंच, त्या काळी पुष्कळदा पहिलं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचं. हिचंही बदललं होतं. माहेरी अजून जुन्याच नावाने हाक मारतात. मी ‘नाही’वर टिचकी मारली. माझ्या डोक्यात टोपणनाव, फरार गुन्हेगाराचं खोटं नाव, असलं काहीतरी होतं.

दुसरा: तुमच्यासाठी कोणी कायम स्थलांतराचा अर्ज केला आहे का? मेहुण्याने फार पूर्वी बहिणीसाठी असा अर्ज करून ठेवला होता. भावंडांच्या त्या रांगेत भारतीयांना पंधरा वर्षांहून जास्त ताटकळावं लागतं. आम्ही तो अर्ज विसरून गेलो होतो. म्हणजे ही विसरली नव्हती, मी विसरलो होतो. आणि फॉर्म मी भरत होतो. तो अर्ज अर्थातच हिच्या माहेरच्या नावाने होता.

मुलाखत मराठीतून होऊ शकते, हिने ती तशीच मागितली. काचेपलीकडून पहिले दोन-तीन प्रश्न सरळ गेले. मग विचारलं, भावाने तुमच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केलाय का? ‘हो, केव्हाच केलाय,’ ही म्हणाली. कोणत्या नावाने? हिने माहेरचं नाव सांगितलं, वर खुलासाही केला की लग्नात बदललं. मी शेजारी उभा. माझ्या हातच्या दोन ‘नाही’ समोरच्या पडद्यावर आणि हिच्या दोन ‘हो’ हवेत. व्हिसा नाकारल्याचा कागद मिळाला. फी परत मिळत नाही. लग्न आम्ही दिवाणखान्यात बसून मोबाइलवर पाहिलं, तिकडच्या दुपारी, आमच्या मध्यरात्री. हिने शालू नेसला होता. मी नाइटड्रेसमध्ये बसलो होतो आणि त्यावरून मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

पुढच्या वेळी दोन्ही ठिकाणी ‘हो’ लिहिलं, जुनं नाव लिहिलं, अर्जाची माहिती दिली. व्हिसा मिळाला, दहा वर्षांचा.

त्या दहा वर्षांनीही मला बोलायला विषय पुरवला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मुलाकडे टेक्सासला गेल्या होत्या. तिकडे आजारी पडल्या, परतणं लांबणार होतं. मुलाला मी फोनवर म्हणालो, ‘काळजी कसली? आईचा व्हिसा अजून सात वर्षं आहे.’ अमेरिकेचा व्हिसा हा दारापर्यंत जायचा परवाना आहे. आत किती दिवस राहायचं ते उतरल्यावर खिडकीतला अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख आय-94 या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांना 2013 पासून ती सहसा कागदावर देत नाहीत, संकेतस्थळावर जाऊन बघावी लागते. ती तारीख उलटली की दहा वर्षांचा व्हिसा तिथेच रद्द होतो, उरलेली वर्षं बुडाली. मुलाने माझं ऐकलं नाही. मुदत संपण्याआधीच वाढीचा अर्ज केला. आजी परत आल्या तेव्हा मला भेटायला आल्या, पेढे घेऊन. मुलाने आईला काही सांगितलं नसावं.

व्हिएतनामची गोष्ट मात्र सगळ्या गावाला माहीत आहे. जानेवारी 2024. आम्ही निवृत्त मित्र आणि बायका, सहल मी आखलेली. मुंबईहून हनोई, हालाँगची खाडी, दानांग, हो ची मिन्ह. तिथून कंबोडियात सिएम रीपला जाऊन अंगकोर वाट बघायचं, परत हो ची मिन्हला यायचं आणि मुंबईचं विमान धरायचं. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एका प्रवेशाचा 25 डॉलर, अनेक प्रवेशांचा 50. मी सगळ्यांचे एका प्रवेशाचे काढले. एकच देश, एकदाच जातोय, दुप्पट पैसे कशाला? माणशी 25 डॉलर वाचवल्याचं मी हनोईच्या बसमध्ये माइकवरून जाहीर केलं, टाळ्याही घेतल्या.

सिएम रीपचा नवा विमानतळ गावापासून चांगलाच लांब आहे. पहाटे पोचलो. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिले, ई-व्हिसाचे छापील कागद पाहिले, पुन्हा पासपोर्ट पाहिले. तुम्ही व्हिएतनाममध्ये जाऊन आलात, हा व्हिसा वापरून झाला, म्हणाली. मी म्हटलं, आम्हाला व्हिएतनाममध्ये जायचंच नाहीये, तिथे फक्त विमान बदलायचंय. तिने तिकिटं मागितली. ती दोन वेगवेगळी होती, वेगवेगळ्या कंपन्यांची, स्वस्त पडतात म्हणून मीच तशी काढलेली. अशा वेळी सामान पुढच्या विमानात आपोआप जात नाही. ते पट्ट्यावरून उचलून पुन्हा काउंटरवर द्यावं लागतं. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. म्हणजे देशात शिरावंच लागतं.

मी तिच्याशी हुज्जत घातली. आता वाटतं, तिच्याशी भांडण्यात अर्थच नव्हता. व्हिसा नसलेल्या प्रवाशाला नेलं तर त्याला परत आणायचा खर्च विमान कंपनीवर पडतो, बऱ्याच देशांत वर दंडही होतो. म्हणून काउंटरवरचा माणूस टायमॅटिक नावाच्या माहितीसाठ्यात प्रत्येक पासपोर्ट ताडून बघतो. परदेशाची पहिली सीमा खरं तर विमानतळावरच्या त्या काउंटरलाच असते. नवा ई-व्हिसा मागवायचा तर कामाचे तीन दिवस. मुंबईचं विमान त्याच रात्री.

शेवटी थायलंड कामी आलं. 2023च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना तिथे व्हिसा लागत नव्हता. बँकॉकमार्गे नवी तिकिटं काढली, हो ची मिन्हची बुडाली. पंचवीस डॉलरच्या किती पट खर्च झाला हे कोणी मला मोजून दाखवलं नाही; हेच जास्त लागलं. मी सगळ्यांचे पैसे द्यायला निघालो, कोणी घेतले नाहीत. पुढची सहल त्यांनी एजंटाकडून केली. मला आमंत्रण होतं.

आता माझ्याकडे फाइली फारशा येत नाहीत. आल्या तर मी फॉर्म भरत नाही, शेजारी बसून ज्याचा त्याला वाचायला लावतो, आणि ‘हो-नाही’चा प्रश्न आला की घरातल्या बाईमाणसाला हाक मारायला सांगतो. मला विचारलंच तर नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशी बघून सांगतो. वही रद्दीत घातली. शेंगेनचे दिवस मोजायला युरोपीय संघाचंच फुकट गणकयंत्र इंटरनेटवर आहे. तेव्हाही होतं. 12 ऑक्टोबर 2025 पासून तिकडे शिक्क्यांच्या जागी चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. म्हणजे शिक्का शोधत पानं उलटणारा, चिठोऱ्यावर आकडे लिहिणारा पोलीस आता लागणार नाही. जास्तीचे दोन दिवस यंत्रच दाखवेल.

तुमच्यापैकी कोणाचे आईवडील सध्या युरोपात मुलीकडे-मुलाकडे असतील, तर त्यांचं परतीचं तिकीट आणि स्टिकरवरचा दिवसांचा आकडा आज संध्याकाळी शेजारी ठेवून बघा. उतरल्याचा दिवस पहिला धरा, विमानात बसायचा शेवटचा. बेरीज जास्त आली तर तिकीट बदलायला पैसे पडतील. ते भरा.